पिंजाऱ्याची गादी

‘जालना सोने का पालना’ असे म्हणत. पण या पाळण्यातली गादी कपाशीचीच! १९०० च्या सुमारास रेल्वे आली नि कापसाच्या पेठेला बहर आला. पिंजारी तात छेडीत गल्लीत शिरे, दडपलेला कापूस पिंजून गादीला पुन्हा उभारी देई. तरी कुणाची पाठ धरली, की वडीलधारे म्हणत, ‘गादी काढा, फळीवर निजा.’ डॉक्टरांचाही पुष्कळदा तोच कौल!

२००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधील ३१३ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला : ९० दिवसांनी मध्यम गादीवाल्यांचे दुखणे कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक उतरले होते. कडक बिछान्यावर खांदा नि खुबा दुखतो, कंबर अधांतरी राहते. खळगा पडलेल्या गादीत कणाच वाकतो. हे मधले सुख बहुधा पिंजारीच दारी घेऊन येत होता, आणि आपण दुखणेकऱ्याला फळी दाखवीत होतो!