दुष्काळातले पाच मैल

चेन्नईत मी रोज तिरुमयिलै स्थानकावर गाडी पकडतो. या रेल्वेचे खांब ज्या काळ्या पाण्यात उभे आहेत, त्याला आसपासचे लोक गटारच समजतात. मीही समजत होतो. तो बकिंगहॅम कालवा आहे, हे फार उशिरा कळलं.

आपल्याकडे कालवा म्हटला की ऊस आठवतो. या कालव्यानं एक वाफाही भिजवला नाही. याचं पाणी बहुतेक खारं. हा होता माल वाहण्याचा रस्ता. १८०६ साली बेसिल कॉक्रेन यानं शहरापासून एन्नोरपर्यंतचा पहिला भाग खणायला घेतला. पुढे सरकारनं तो ताब्यात घेतला आणि खाड्या, पुलिकतचं सरोवर जोडत जोडत तो उत्तरेला पेद्दगंजाम आणि दक्षिणेला मरक्काणमपर्यंत नेला. सुमारे ४२० किलोमीटर, समुद्राला समांतर. वल्ह्यानं, दोरानं, शिडानं चालणाऱ्या होड्यांतून मीठ यायचं, शिंपल्यांचा चुना यायचा आणि मुख्य म्हणजे सुरूचं सरपण. मद्रासच्या चुली या सरपणावर पेटत. मिठागरं टिकली तीही या स्वस्त वाहतुकीमुळे. रेल्वे आल्यावरसुद्धा जड आणि घाई नसलेला माल बराच काळ पाण्यावरच राहिला. (होडीला तेलुगूत ‘पडव’, तमिळमध्ये ‘पडगु’, मराठीत ‘पडाव’. हा शब्दही किनाऱ्या-किनाऱ्यानंच फिरला असावा.)

माझ्या स्थानकाखालचा तुकडा मात्र व्यापाऱ्यांनी नव्हे, भुकेनं खणला. अड्यार आणि कूवम या नद्यांना जोडणारे हे जेमतेम पाच मैल १८७७-७८ मधलं दुष्काळी काम आहे. १९७२ ची खडी फोडलेल्या घरांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर पुरुषाची दिवसाची मजुरी ठरवली होती: एक पौंड धान्य आणि एक आणा. बाईला त्याहून कमी. एवढ्यावर माती उपसणारा माणूस जगत नाही, असं आरोग्य खात्याचे कॉर्निश आकडे मांडून सांगत राहिले. काही महिन्यांनी मजुरी वाढली. तोवर टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले होते.

१८७८ मध्ये कालव्याला मद्रासच्या गव्हर्नरांचं, ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचं नाव मिळालं. त्याच सुमारास पेरांबूरला उभ्या राहिलेल्या बिनी कंपनीच्या कापड गिरणीलाही तेच. पुढे त्या गिरणीच्या कामगारांचा १९२१ चा संप इतिहासात नोंदला गेला. कालवा खणणाऱ्यांची हजेरीपत्रकं कुणी जपली असतील, तर ती माझ्या पाहण्यात आलेली नाहीत.

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या चक्रीवादळांनी कालवा मोडला, सांडपाण्यानं भरला. १९९० च्या दशकात रेल्वेला जागा हवी होती. भूसंपादनाची कटकट नसलेली ही सरळ पट्टी आयतीच सापडली. पाच मैल पुन्हा वाहतुकीच्या कामी आले, फक्त पाण्याच्या वरून.

परवा फलाटावरून खाली वाकून पाहिलं. दोन खांबांमध्ये एक बगळा उभा होता आणि काठाला दगडी बांधणीचा थोडासा भाग अजून दिसत होता.