ऐच्छिक अवलंबन आणि मराठी भाषासंच

संगणकाच्या कार्यप्रणालीत आवश्यक काय आणि सोयीचे काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न तांत्रिक दिसतो. परंतु मराठी अक्षर पडद्यावर उमटते की नाही, हे पुष्कळदा याच निर्णयावर अवलंबून राहिले आहे.

ऑगस्ट १९९३ मध्ये आरंभ झालेल्या डेबियन प्रकल्पाने पॅकेजांच्या परस्परसंबंधांची प्रतवारी लावली. ज्यावाचून पॅकेज चालणारच नाही ते ‘डिपेंड्स’. विशेष कारण नसल्यास सोबत असावे ते ‘रेकमेंड्स’. असल्यास उपयोगी पडेल ते ‘सजेस्ट्स’. ‘ॲप्ट’ हे साधन मुळात शिफारशी आपण होऊन बसवीत नसे. फेब्रुवारी २००९ मधील ‘लेनी’ आवृत्तीपासून मात्र त्या आपोआप बसू लागल्या. शब्द तोच राहिला, त्याचे वजन तेवढे वाढले. आणि ज्यांच्या यंत्रात जागा थोडी, त्यांनी ही सोय बंद करण्याचा मार्ग लगोलग धरला.

मराठीचा संबंध येतो तो येथे. आवश्यक अवलंबन नसेल तर कार्यक्रम बसतच नाही व दोष तत्काळ उघड होतो. ऐच्छिक अवलंबन नसले तर तक्रार कोणीच करीत नाही. कार्यक्रम सुरू होतो, आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील ‘शेवगाव’ हे नाव लिहिले असता त्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. देवनागरीचा एखादा टंक असला तरी काम पुरते भागत नाही, कारण मराठी वळणाचा ‘श’ व ‘ल’ हिंदी वळणाहून निराळे. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या ‘लोहित’ टंकमालेत मराठीसाठी स्वतंत्र टंक होता, तो उगाच नव्हे. शेवगावच्या लेखनिकाला आपल्या गावाच्या नावातील पहिलेच अक्षर परके वाटावे, ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

फेडोरात भाषेची जोड बराच काळ एका स्वतंत्र पूरक साधनाकडे असे. कोणत्या मूळ पॅकेजाबरोबर कोणते भाषिक पॅकेज जावे, याची यादी मध्यवर्ती ठिकाणी राखली जाई. सप्टेंबर २०१४ मधील आरपीएम ४.१२ ने दुर्बल अवलंबने स्वीकारली. सुसे वितरणात त्यांचा वापर याआधीच रूढ होता. त्यांच्या आधारे जून २०१६ मधील फेडोरा २४ ने ती व्यवस्था बदलली. ‘लँगपॅक्स-एमआर’ हे एक पॅकेज बसविले, की कचेरीकामाच्या लिबरऑफिसचा मराठी भाग आपण होऊन येतो. कारण ‘मूळ कार्यक्रम आणि मराठी संच ही दोन्ही असतील तर मला बसवा’ ही अट त्या मराठी भागानेच ‘सप्लिमेंट्स’द्वारे सांगितलेली असते. लिबरऑफिसच्या मूळ पॅकेजात मराठीचे नावही यावे लागत नाही.

या उलट्या दिशेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या भाषेचा वापरकर्ता थोडा, तिला मुख्य यादीत जागा मागावी लागते, व जागेचा प्रश्न निघाला की तीच प्रथम गळते. अट भाषेच्या बाजूला नोंदविली की ही याचना उरत नाही.

तथापि ‘दुर्बल’ हे विशेषण यथार्थ आहे. सर्व्हरवरील कंटेनर आटोपशीर राखण्यासाठी शिफारशी व पूरके सर्रास वगळली जातात. अशा यंत्रावर तयार झालेल्या पीडीएफमध्ये देवनागरी टंकच नसल्यास मजकूर पुन्हा चौकटींचाच उमटतो, आणि नोंदवहीत चूक म्हणून काहीही लिहिले जात नाही.