चालकाशी बोलू नये

एसटीच्या जुन्या गाड्यांत चालकाच्या आसनामागे एक सूचना रंगवलेली असे : 'चालकाशी बोलू नये'. धूम्रपान करू नये, थुंकू नये, हात खिडकीबाहेर काढू नये अशा सूचनांच्या पंगतीतच ती बसलेली असल्यामुळे तिच्याकडे वेगळे लक्ष कुणाचे गेले नाही. बोलण्यात आपण सगळेच 'ड्रायव्हर' म्हणत आलो. 'चालक' हा शब्द या पाटीपुरता आणि नोकरीच्या जाहिरातीपुरता. पण रस्त्यावरच्या अवधानाविषयी मराठीत लिहिले गेलेले एवढे नेमके वाक्य दुसरे मला तरी आढळलेले नाही. त्याचा कर्ता अज्ञात आहे.

व्याकरणाच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहून पाहावे. 'नये' या रूपातला निषेध कुणाला उद्देशून आहे? चालकाला नव्हे. 'बोलू नका' म्हटले असते तर समोर कुणीतरी 'तुम्ही' उभा राहिला असता. येथे तोही नाही. जो कोणी वाचील त्याला हा नियम लागू. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष सांभाळण्याची जबाबदारी या वाक्याने गाडी न चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. मोबाईल आणि वाहनचालक यांच्या नात्याचा इतिहास वाचताना मला ही पाटी वारंवार आठवत राहिली, कारण त्या इतिहासात नेमकी हीच जबाबदारी गळून पडलेली दिसते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. गाडी थांबवायची वा सोडायची तर वाहकाने चालकाला काही सांगणे भागच. त्यासाठी छताखालून एक दोरी गेलेली असे आणि तिच्या टोकाला घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. 'डबल बेल' हा शब्द खेड्यापाड्यांत रुजला तो यातूनच. दोनच चिन्हांची ही भाषा होती. तीत अर्थाची संदिग्धता नव्हती, उत्तराची अपेक्षा नव्हती, आणि ऐकणाऱ्याला मान वळवावी लागत नव्हती. चालकाशी किती बोलावे, याचे उत्तर या दोरीने कसलीही चर्चा न करता देऊन टाकले होते.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. मोबाईल नंतर गाडीत शिरला अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो गाडीतच जन्माला आला. १७ जून १९४६ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरात बेल कंपनीने व्यापारी तत्त्वावरील पहिली फिरती दूरध्वनी सेवा सुरू केली, ती मोटारींसाठी. यंत्र सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलोंचे. ते हातात धरून रस्त्याने चालण्याचा प्रश्नच नव्हता. सामान ठेवण्याच्या कप्प्यात ते बसवीत. बोलताना कळ दाबायची, ऐकताना सोडायची, आणि मध्ये ऑपरेटर. साऱ्या शहरात एका वेळी तिघांनाच बोलता येई. धोका होता, पण तो इतक्या थोड्यांच्या वाट्याला येई की कुणाला दिसला नाही. मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या फोनवरून बोलून दाखवले, तेव्हा नवलाची गोष्ट ही होती की फोन गाडीतून बाहेर आला! पुढच्या तीस वर्षांत तो घराघरांत गेला आणि तेथून पुन्हा गाडीत परतला, पण आता खिशातून.

कूपर यांच्या त्या फोनच्याही चार वर्षे आधी, १९६९ साली, इंग्लंडमध्ये आय. डी. ब्राउन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस चालकांना गाडी चालवायला दिली; वाटेत अरुंद फटी ठेवल्या; यांतून गाडी जाईल की नाही हे त्यांनी ठरवायचे. त्याच वेळी दूरध्वनीवरून त्यांना छोटी तार्किक विधाने ऐकवली जात आणि ती खरी की खोटी हे विचारले जाई. हात मोकळेच होते. निष्कर्ष असा, की गाडी हाकण्याच्या सवयीच्या हालचालींत फारसा फरक पडला नाही. बिघडला तो निर्णय. जेथून गाडी जाणे शक्य नाही तेथून ती जाईल असे चालकांना वाटू लागले. फोनमुळे हात अडकत नाही, बुद्धी अडकते, हे तेव्हाच लिहिले गेले होते.

नंतरच्या संशोधनाने यात भर घातली, दिशा बदलली नाही. टोरांटोतील रेडेलमायर आणि टिबशिरानी यांचा अभ्यास १९९७चा. अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिले त्यांनी मिळवली आणि २६,७९८ संभाषणांच्या वेळा अपघाताच्या वेळांशी ताडून पाहिल्या. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हात मोकळे ठेवणारे उपकरण वापरल्याने ती घटल्याचे दिसले नाही. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की बोलणाऱ्या चालकाची नजर फलकावर पडलेली असते, तरी फलकावर काय होते हे त्याला नंतर ओळखता येत नाही. डोळे पाहत असतात, पण दिसत नसते. याच विद्यापीठातला २००८चा अभ्यास मला विशेष वाटतो. शेजारी बसलेल्या सोबत्याशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत त्यात मोठा फरक आढळला. सोबती रस्ता पाहत असतो. वळण आले, गर्दी झाली की बोलणे आपोआप थांबते किंवा रस्त्याविषयीच होऊ लागते. फोनवरच्या माणसापुढे रस्ता नसतोच. (म्हणजे आपल्या पाटीने शेजारच्या प्रवाशावर जरा अन्यायच केला म्हणायचा.)

'अवधान' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एवढेच मागतात, आणि बदल्यात फार मोठे देऊ करतात. दुसरीकडे शतावधानी म्हणून मिरवणाऱ्यांचीही परंपरा आहे : एकाच वेळी शंभर ठिकाणी लक्ष. ती सभेतली कसरत असे, आणि चुकले तर कुणी मरत नसे. रस्त्यावर मात्र प्रत्येकजण स्वतःला शतावधानी समजतो.

कायद्याने काय केले? त्याने हात पाहिला. न्यूयॉर्क राज्याने २००१ साली आणि ब्रिटनने १ डिसेंबर २००३ पासून बंदी घातली ती हातात धरलेल्या फोनवर. हे समजण्यासारखे आहे. चौकातल्या पोलिसाला हात दिसतो, अवधान दिसत नाही. पण त्यामुळे एक विलक्षण गैरसमज कायद्याच्याच आशीर्वादाने रुजला, की हात मोकळे असले म्हणजे बोलणे निर्धोक.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाईल फोन केला. सुरुवातीची काही वर्षे येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. त्या काटकसरीतून 'मिस्ड कॉल'ची भाषा जन्मली : पोचलो की एक देतो, खाली उतरायचे असेल तर दोन देईन. ही एसटीच्या घंटीचीच भाषा, वेगळ्या यंत्रावर. २००३ साली येणारे फोन फुकट झाले, मग करायचे फोनही स्वस्त होत गेले, आणि दोन टोल्यांच्या जागी गप्पा आल्या. दुचाकीवर मान तिरपी करून खांदा आणि कान यांत फोन दाबलेला तरुण, नाहीतर हेल्मेटात फोन खोचलेला, ही आकृती आपल्या रस्त्यांची ओळख बनली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने कलम १८४मधील धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत 'हातात धरण्याची' संपर्क साधने आणली. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग शोधण्यासाठी अशा साधनाला मुभा दिली. चित्ताचा उल्लेख आला, हे बरे झाले. मोजायचे कसे, ते कुणी सांगितलेले नाही. त्याच अहवालात २०२२ सालचे ३,३९५ मृत्यू मोबाईलच्या वापराखाली नोंदले आहेत, साधारण दोन टक्के. अतिवेगाखाली ७१ टक्क्यांहून अधिक. अपघातानंतर वेग घसरणीच्या खुणांवरून, मोडतोडीवरून वाचता येतो. संभाषणाची खूण डांबरावर उमटत नाही. त्यामुळे हे दोन टक्के मला मोबाईलचे कमी आणि रकान्याचे अधिक वाटतात. पलीकडच्या टोकाला कोण बोलत होते, यासाठी तर रकानाही नाही.

चालकाला केलेल्या बहुतेक फोनांत विचारलेले एकच असते : कुठपर्यंत आलात? दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात धाकटा भाऊ कोल्हापूरहून पुण्याला यायला निघाला होता. रात्री साडेआठच्या सुमारास मी फोन केला. कराड मागे पडल्याचे सांगून तो आईच्या औषधांविषयी बोलू लागला, आणि मध्येच 'ताई, थांब' एवढे शब्द आले. मग टायरांचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. उसाची जोडट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. मागे दिवा नाही, लाल कापडही नाही. गाडी हातभर अंतरावर थांबली. पुढे एका चहाच्या टपरीवरून त्याने स्वतः फोन केला, तेव्हा त्याचा आवाज अजून बसलेला होता. फोन त्याच्या हातात नव्हताच, गाडीच्या स्पीकरवर होता, असे त्याने दोनदा सांगितले. 'पण एवढी मोठी ट्रॉली मला दिसली कशी नाही गं?' असेही तो म्हणाला. औषधांची गोष्ट त्या रात्री अर्धीच राहिली.