बेन्शी : जपानी मूकपटाला बोलतं करणारा माणूस

जपानी सिनेमा म्हटलं की आपल्याला अकिरा कुरोसावा आणि त्यांचे सामुराई आठवतात. त्याआधीचा तिथला मूकपट मात्र खऱ्या अर्थाने मुका कधी नव्हताच. पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस सगळ्या पात्रांचे संवाद म्हणायचा, प्रसंग समजावून सांगायचा, मधेच स्वतःचं मतही ठोकून द्यायचा. हाच बेन्शी.

१८९६ साली कोबे शहरात एडिसनचं किनेटोस्कोप आलं आणि पुढच्याच वर्षी ओसाकात पडद्यावरचा सिनेमा. परदेशी चित्रांत काय चाललंय, हे यंत्र चालतं कसं, हे सांगायला निवेदक लागला. असे निवेदक इतर देशांतही होते, पण मजकुराच्या पाट्या आल्यावर ते मागे पडले. जपानमध्ये टिकले, कारण ही रीत लोकांच्या ओळखीची होती. तिथल्या बुनराकू या बाहुलीनाट्यात बाहुल्या एकीकडे हलतात आणि बाजूला बसलेला गायक सगळ्यांच्या तोंडचं बोलतो. सिनेमाने नाटकाकडून आणखीही एक गोष्ट घेतली. काबुकीप्रमाणे सुरुवातीच्या चित्रपटांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. (आपल्याकडेही १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके!)

लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. तोकुगावा मुसेई हे त्यातलं मोठं नाव. १९२७ मध्ये देशात सुमारे ६,८०० बेन्शी होते, त्यात काही स्त्रियाही.

१९३१ मध्ये हेइनोसुके गोशो यांचा 'मादामु तो न्योबो' हा यशस्वी बोलपट आला आणि या मंडळींच्या पोटावर पाय आला. ठिकठिकाणी संप झाले. तरी ध्वनीची यंत्रं महाग आणि बेन्शी लोकप्रिय, त्यामुळे पुढची काही वर्षं मूकपट निघतच राहिले. यासुजिरो ओझूंचा १९३२ चा गाजलेला 'उमारेते वा मिता केरेदो' मूकच आहे.

कुरोसावांचे थोरले भाऊ हेइगो हेही बेन्शी होते. धाकट्या अकिराला सिनेमाचं वेड लावलं ते त्यांनीच. संपातही ते पुढे होते. १९३३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तीनच वर्षांनी अकिरा एका स्टुडिओत सहायक दिग्दर्शक म्हणून लागले, तेही बोलपटांच्या.

काम गेलेले काही बेन्शी कामिशिबाईकडे वळले. रस्त्यावर मुलं जमवायची आणि लाकडी चौकटीतली चित्रं एकेक सरकवत गोष्ट सांगायची, असा हा खेळ. पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्यांना तो फारसा परका वाटणार नाही.

१९५१ मध्ये 'राशोमोन'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला आणि जगाचं लक्ष जपानी सिनेमाकडे वळलं. हा चित्रपट करताना आपण मूकपटांचं हरवलेलं सौंदर्य शोधत होतो, असं कुरोसावांनी आत्मकथनात लिहिलंय. त्यातला जंगलातला लाकूडतोड्याचा प्रवास बघा, कितीतरी वेळ कुणी एक शब्द बोलत नाही.

बेन्शी पूर्ण संपले असं मात्र नाही. मात्सुदा शुन्सुई यांच्या शिष्या सावातो मिदोरी यांनी अगदी अलीकडच्या काळापर्यंत जुन्या मूकपटांना आवाज दिला आहे.