शीर उलटी का लावली

जिना उतरून तळघरात या. ओहायोतलं क्लीव्हलंड क्लिनिक, 30 ऑक्टोबर 1958. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही, तेव्हा भिंतीपाशी निर्धास्त उभे राहा. टेबलावर 26 वर्षांचा तरुण उताणा झोपलाय, पूर्ण शुद्धीत. ऱ्हुमॅटिक तापाने त्याच्या हृदयाची झडप बिघडली आहे आणि ती कितपत बिघडली ते डॉक्टरांना पाहायचंय. दंडातल्या धमनीतून सरकवलेली बारीक नळी झडपेच्या अगदी जवळ, महाधमनीच्या मुळाशी पोचली आहे. डॉक्टर मेसन सोन्स लगेच नजरेस पडणार नाहीत. टेबलाखाली खड्डा केलाय, त्यात उभे राहून ते क्ष-किरणांचं चित्र पाहताहेत. खालून त्यांचा आवाज येतो: डाय सोडा.

नळीचं टोक मधल्या क्षणात सरकलंय. ते हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी धमनीच्या तोंडात शिरलंय, आणि महाधमनीसाठी काढलेला डायचा, म्हणजे क्ष-किरणांत दिसणाऱ्या द्रवाचा, एवढा मोठा डोस थेट त्या चिंचोळ्या धमनीत जातो. पडद्यावर धमनी मुळापासून टोकापर्यंत काळीभोर उमटते. सोन्स ओरडतात, "नळी ओढा बाहेर!" तोवर उशीर झालेला आहे. ईसीजीची रेघ सपाट. सोन्स धडपडत खड्ड्यातून वर येतात. छाती उघडून हृदय हाताने दाबावं लागणार, या विचाराने ते सुरी शोधताहेत. तेवढ्यात त्यांना सुचतं, की पेशंटला अजून ऐकू येत असणार. "खोका! जोरात खोका!" तो तरुण खोकतो. पुन्हा खोकतो. आणि तुमच्या डोळ्यांदेखत रेघेवर ठोके परत येतात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून तेव्हाचे डॉक्टर धरून चालले होते, की कोरोनरी धमनीत डाय गेला तर हृदय बंद पडून माणूस दगावणार. हा तर जिवंत आहे, बोलतोय. मग थोडासाच डाय मुद्दाम, एकेका धमनीत सोडला तर? कोरोनरी अँजिओग्राफी या प्रश्नातून जन्माला आली. तुमच्या घरातल्या एखाद्या फाइलीत तिची सीडी असेलही, सोबत "एलएडीला नव्वद टक्के ब्लॉक" असा रिपोर्ट. मला विचाराल तर बायपासच्या गोष्टीत ऑपरेशनपेक्षाही हा दिवस मोठा. आत काय आहे ते दिसत नाही तोवर सर्जनचा हात कितीही तयार असो, तो टाका घालणार कुठे?

हृदयाच्या धमन्या तुंबण्याचा आजार काही तेव्हाचा नाही. क्षणभर लंडनमध्ये डोकावा. 1768 च्या जुलैत डॉक्टर विल्यम हेबर्डन आपल्या सहकाऱ्यांना छातीतल्या एका विलक्षण दुखण्याचं वर्णन वाचून दाखवताहेत: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर छाती आवळून येते, थांबलं की बरं वाटतं. तुमच्या ओळखीच्या कुणीतरी अगदी हेच सांगितलेलं असेल. हेबर्डननी लक्षणं अचूक टिपली, पण कारण त्यांच्या हाती लागलं नाही.

कारण असं आहे. हृदय दिवसरात्र रक्त ढकलतं, पण स्वतःच्या स्नायूसाठी लागणारं रक्त ते आतल्या कप्प्यांतून घेत नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन फांद्या फुटतात, डावी आणि उजवी. डावीच्या लगेच दोन होतात: पुढून खाली उतरणारी एलएडी आणि मागे वळणारी सर्कमफ्लेक्स. या धमन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असतात. भिंतीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबी आणि चुना साचत जातो, वाट अरुंद होते. बसल्या जागी तेवढं रक्त पुरतं. जिना चढताना पुरत नाही, आणि छातीत कळ येते. एक गोष्ट सर्जनच्या पथ्यावर पडणारी आहे. ब्लॉक बहुतेकदा धमनीच्या वरच्या भागात असतात आणि पुढची धमनी पुष्कळदा चांगली राहते. पाटात मध्येच दरड पडली तर शेतकरी दरड उपसत बसत नाही, वरच्या अंगाने नवा चर काढून पाणी पुढच्या पाटात सोडतो, तसंच हे.

त्यासाठी आधी हृदयाला काही वेळ कामातून मोकळं करता आलं तर सोपं. 6 मे 1953 ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी ते करून दाखवलं. 18 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं भोक ते शिवत होते, तेव्हा 26 मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम यंत्राने केलं. त्या यंत्रामागे गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांची जवळपास दोन दशकं गेली होती.

आता लेनिनग्राड, 25 फेब्रुवारी 1964. इथे असं यंत्र लावलेलं नाही. सर्जन वसिली कोलेसोव्ह बरगड्यांमधून डावी छाती उघडून, धडधडणाऱ्या हृदयावरच टाके घालताहेत. छातीच्या हाडाच्या आतल्या बाजूने उतरणारी मॅमरी धमनी त्यांनी मोकळी केली, तिचं वरचं टोक जागच्या जागी ठेवलं आणि खालचं टोक हृदयाच्या धमनीला जोडलं. पेशंट बरा झाला. पण या कामाची दखल जगाने फार उशिरा घेतली. हा अन्याय होता असं मला मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते शेवटी येईल.

परत क्लीव्हलंड. रात्र झाली आहे, एका खोलीत प्रोजेक्टरची घरघर चालू आहे. समोर बसलेत रेने फावालोरो, अर्जेंटिनाचे. पंपासच्या माळरानावर हासिंतो आराउस नावाच्या छोट्या गावात बारा वर्षं डॉक्टरकी करून 1962 मध्ये ते इथे शिकायला आले. इंग्रजी मोडकंतोडकं. दिवसभर ऑपरेशन थिएटर, आणि संध्याकाळनंतर सोन्स यांच्या फिल्मा, एकामागून एक. त्यांच्या शेजारी बसा. एका 51 वर्षांच्या बाईंची फिल्म लावा.

उजव्या धमनीत डाय सोडलाय. तो थोडाच पुढे जातो आणि थांबतो. धमनी संपूर्ण बंद आहे. आता डाव्या धमनीत. तिच्या फांद्या भरतात, आणि मग, जरा थांबून, बारीक आडवाटांनी डाय उजवीकडे झिरपतो आणि उजव्या धमनीचा खालचा भाग उलट्या दिशेने, खालून वर भरत जातो. तिथे धमनी रुंद आहे, गुळगुळीत आहे. फावालोरोंना हवा होता तो पुरावा हाच: ब्लॉकच्या पलीकडे वाट शाबूत आहे.

9 मे 1967. त्याच बाईंचं ऑपरेशन. थिएटरमध्ये या, टेबलाच्या पायथ्याशी उभे राहा. एक सर्जन मांडीच्या आतल्या बाजूची सॅफेनस शीर सोडवतोय. तिच्या प्रत्येक बारक्या फाट्याला दोऱ्याने गाठ मारावी लागते, नाहीतर तो पुढे गळेल. ही शीर काढली तरी पायाचं अडत नाही, खोलवरच्या शिरा तिचं काम सांभाळतात. किडनीच्या धमन्या दुरुस्त करायला क्लीव्हलंडचे सर्जन ती आधीपासून वापरत होते. तुकडा हातात आल्यावर त्याची टोकं बदलली जातात, हे नीट पाहा. पायातलं रक्त वर चढताना मागे घसरू नये म्हणून शिरेत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. शीर सरळ लावली तर त्या झडपाच रक्त अडवतील. म्हणून ती उलटी लावायची.

रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलंय, हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन चालू आहे. उजव्या कप्प्यांच्या मधल्या खाचेत, पिवळ्या चरबीखाली, ती धमनी आहे. फावालोरो बंद पडलेला तुकडा कापून काढतात आणि दोन टोकांच्या मध्ये शीर शिवतात. चिमटे निघतात. चपटी पडलेली शीर रक्ताने भरते आणि ठोक्याबरोबर उडायला लागते. काही दिवसांनी सोन्स पुन्हा अँजिओग्राफी करतात: डाय विनाअडथळा खालपर्यंत जातो. लवकरच तुकडा कापणंही बंद झालं. शिरेचं एक टोक थेट महाधमनीला, दुसरं ब्लॉकच्या पुढे. दरड तशीच राहते. ब्लॉक "काढला" असं नातेवाईक सांगतात तेव्हा मला थांबवून सांगावंसं वाटतं, की तो आतच आहे आणि ज्या आजाराने तो झाला तो आजारही आत आहे. औषधं, सिगारेट सोडणं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणं यांना ऑपरेशननंतर सुट्टी नाही, ती यामुळे.

शिरेचीही एक अडचण निघाली. पायातल्या कमी दाबाची तिला सवय. धमनीच्या दाबाखाली तिचं अस्तर जाड होतं आणि काही वर्षांत अनेक शिरा बंद पडतात. शेवटचा मुक्काम 1986, पुन्हा क्लीव्हलंडच. फ्लॉइड लूप आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकातल्या पेशंटांचा हिशोब मांडताहेत. एका बाजूला 2,306 जण, ज्यांच्या एलएडीला मॅमरी धमनी जोडली होती. दुसऱ्या बाजूला 3,625, ज्यांना फक्त पायाच्या शिरा लावल्या होत्या. ऑपरेशनमधून बचावलेल्यांपैकी तिन्ही धमन्या खराब असणाऱ्यांत दहा वर्षांनी पहिल्या गटातले 82.6 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 71. कोलेसोव्हनी जी धमनी निवडली होती, तीच टिकली. आज बहुतेक बायपासमध्ये एलएडीसाठी तीच धमनी मोकळी केली जाते, आणि उरलेल्या ब्लॉकसाठी बहुधा पायाची शीर, अजूनही उलटी करूनच.