तुरळक ठिकाणी गारा

फाल्गुन लागला की महालातल्या आमच्या गल्लीत दोन गोष्टी ठरलेल्या असत. बडकस चौकात संत्र्यांचे ढीग स्वस्त होत, आणि संध्याकाळी अब्बा रेडिओचा कान पिळून त्याच्यापुढे बसत. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. आमच्या घरी रेडिओ आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण आला तो गाण्यांसाठी नव्हे, हवामानासाठी. बातम्या संपल्या की ते ठरावीक वाक्य येई : विदर्भात तुरळक ठिकाणी गारांसह पाऊस पडण्याची शक्यता आहे. पुढे कविता लिहायला लागल्यावर या 'तुरळक ठिकाणी'मधली नजाकत मला कळली. कोणाचे नाव घ्यायचे नाही, पण कोणाला सोडायचेही नाही. अब्बांना मात्र ही नजाकत कळत नसे. ते म्हणत, "ये तुरळक ठिकाण हमेशा अपनाच बगीचा रहता है."

अब्बा संत्र्याचे बहार विकत घेत. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमीन शेतकऱ्याची, झाडेही शेतकऱ्याची. पण झाडावरचे फळ व्यापाऱ्याने आधीच बोली करून घेतलेले. थोडा इसार अगोदर, उरलेले पैसे तोडणीच्या वेळी. मधल्या काळात फळाचे जे होईल ते घेणाऱ्याच्या नशिबाचे. आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलतो तो मृग बहार, तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडायला येतो. थंडी सरताना फुलतो तो आंबिया, तो दिवाळीच्या आगेमागे हाती लागतो. आता गंमत बघा. गारपिटीचे दिवस नेमके फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. म्हणजे मृगाचे फळ पिकून झाडावर लटकलेले आणि आंबियाचे नुकतेच धरलेले, अशा वेळी ती येते. एका तडाख्यात या वर्षाचे जाते आणि पुढच्याचेही. गहू आणि हरभरा याच दिवसांत कापणीला आलेला असतो, ते वेगळेच.

असे का, याचे उत्तर साधे आहे. उन्हाळा तापायला लागलेला असतो, बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारा आत येतो आणि वर उंचावर उत्तरेकडून आलेली थंड, कोरडी हवा असते. खालची गरम हवा उसळून वर जाते, ढग मैलोगणती उंच वाढतो. त्यात पाण्याचा थेंब गोठतो, खालीवर हिंदकळतो, त्याच्यावर बर्फाचे थर चढतात. गार मधोमध फोडली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मे महिन्यात ढग याहूनही मोठे होतात, पण तेव्हा गार बहुधा वाटेतच वितळते.

गारपिटीची तयारी म्हणजे तरी काय? आमचे घर कवेलूंचे. आभाळ तांबूस-काळे झाले की अम्मी आरसा भिंतीवरून काढून गादीत गुंडाळायची, लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली सरकवायची, शेळी आत घ्यायची. आम्हा पोरांना दाराच्या चौकटीखाली उभे करायची, कारण कवेलू फुटले तर तुकडे खोलीच्या मधोमध पडतात. शेजारच्या देशपांडे आजी अंगणात लोखंडी तवा पालथा टाकायच्या, आणि आमची दादी चाचाला ओसरीवर उभे राहून अजान द्यायला सांगायची. एका भिंतीच्या अलीकडे अजान, पलीकडे तवा. गारा दोन्हीकडे सारख्याच पडत.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. तेव्हा ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. रॉबर्ट व्हेन रसेल हे सनदी अधिकारी आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेले चार खंड, प्रकाशन १९१६. तिसऱ्या खंडात 'गारपगारी' अशी एक नोंद आहे. पिकांवरची गारपीट परतवून लावणे हेच ज्यांचे काम, अशी ही जात. वस्ती मुख्यतः नागपूरकडच्या मराठी जिल्ह्यांत आणि वऱ्हाडात. १९११ मध्ये त्यांची संख्या ९,००० होती. मूळचे हे नाथ, जोगी. या कामाला लागले म्हणून वेगळे झाले.

रसेलने लिहिले आहे ते वाचून मी त्या दिवशी ग्रंथालयातून लवकर उठलो. रात्री आभाळ धूर आणि जाळ मिसळल्यासारखे लाल-काळे दिसले की गारपगारी ओळखतो, गार येणार. मग तो हातात तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राहतो. आधी विनवणी करतो. विनवणीने भागले नाही तर धमकी देतो, अंगावरचे कपडे फेकतो, स्वतःचा जीव देईन म्हणतो. कधी बायकापोरांना घेऊन देवापुढे उभा राहतो आणि त्यांनाही मारीन म्हणतो. पूर्वी तो खरोखरच अंगावर वार करून घेई म्हणतात. रसेलच्या काळापर्यंत ते बोटातून रक्ताचा थेंब काढण्यावर आले होते.

साहेबाने हे सारे अजब रिवाज म्हणून टिपले आहे. मला त्यात दुसरेच काही दिसते. गावात सुतार होता, लोहार होता, तसा हाही एक. त्याला गावातून धान्याचा वाटा मिळे. ज्याच्यावर कोणाचाच इलाज चालत नाही अशा गोष्टीसाठी गावाने एक माणूस नेमून ठेवला होता. त्याला विम्याचा पूर्वज म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. विमा नुकसान झाल्यावर पैसे देतो. गारपगाऱ्याजवळ द्यायला काहीच नव्हते. त्याच्याजवळ फक्त अंग होते आणि ते तो मध्ये घालायचा. आम्ही नागपूरकर तसेही पीडा पिटाळण्यात पटाईत. मारबतीच्या दिवशी याच महालात आम्ही गावभराच्या रोगराईला मिरवत हाकलून देतो. पण मारबत कागदाची आणि बांबूची असते.

हे आपल्याकडच्या अडाणी लोकांचे झाले, असे कोणाला वाटत असेल तर युरोपाकडे बघू. १८९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या एका गावाचा महापौर, आल्बर्ट श्टीगर, द्राक्षबागाईतदार होता. त्याने आभाळाकडे तोंड केलेल्या, कर्ण्यासारख्या तोफा उभ्या केल्या. ढग दिसला की बार उडवायचा, म्हणजे गार फुटते असा समज. योगायोगाने एक-दोन वर्षे गारा पडल्या नाहीत. झाले! पुढच्या चार वर्षांत एकट्या इटलीत अशा हजारो तोफा लागल्या. बार उडवताना माणसे मेली, जखमी झाली. शेवटी सरकारांनी रीतसर चाचण्या घेतल्या, तोफांच्या राज्यातच गारा पडल्या आणि खूळ ओसरले. म्हणजे तलवारीच्या जागी तोफ, आणि मारुतीच्या जागी दारू. खर्च मात्र कितीतरी पट.

अमेरिकेच्या मैदानी मुलखात तर गारांबरोबर टॉर्नेडो येतो. आपल्या चैत्रातली वावटळ फार तर वाळत घातलेली साडी नेते. तो घरे नेतो. लोक घाबरतील म्हणून तिथल्या हवामान खात्याने १८८०च्या दशकापासून १९३८ पर्यंत अंदाजात 'टॉर्नेडो' हा शब्दच वापरू दिला नाही, पुढेही टाळला. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर टॉर्नेडो आदळला, लष्कराची विमाने मोडली. फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांना सांगण्यात आले, पुन्हा असे व्हायच्या आत कळले पाहिजे. पाचच दिवसांनी त्यांना तसेच आभाळ दिसले. धीर करून त्यांनी इशारा दिला, विमाने आत घेतली गेली, आणि त्याच संध्याकाळी त्याच विमानतळावर पुन्हा टॉर्नेडो आला. इशारा ही गोष्ट तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाली. आपल्याकडे ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ गारांनी २४६ माणसे मेली. गारपिटीतला हा जगातला सर्वांत मोठा बळींचा आकडा म्हणून जागतिक हवामान संघटनेने नोंदवला आहे. त्यांना कोण सांगणार होते?

आज सोनेगाव विमानतळाजवळच्या हवामान केंद्रातून आभाळ पाहता येते. वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' मोबाइलवर आहे. संत्रानगरीला 'ऑरेंज अलर्ट' मिळतो, यात कोणी विनोद केला नसावा. तरी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातल्या २८ जिल्ह्यांत गारांनी उभे पीक झोपवले. तेव्हा निम्म्याहून कमी नुकसानीला मदत नव्हती; २०१५ मध्ये ती अट ३३ टक्क्यांवर आली. पीकविमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवायचे, मग पंचनामा. झाडांचे म्हणाल तर मोडक्या फांद्या छाटायच्या, जखमांवर बोर्डो मिश्रण फवारायचे. बागेवर गारांची जाळी घालता येते, पण तिचा खर्च लहान बागवाल्याला झेपत नाही.

इशारा मिळाला म्हणजे काम झाले, असे मला कधी वाटले नाही. त्याचे कारण मी सहावीत असतानाचे आहे.

कळमेश्वरच्या पुढे एका गावात अब्बांनी मृग बहार घेतला होता. त्या गावात एक म्हातारे नाथबाबा होते. त्यांच्या घराला लोक अजून गारपगाऱ्याचे घर म्हणत. तलवार वगैरे काही नव्हती. चार-दोन शेतकरी सुगीला त्यांना ज्वारी घालत, बाकीच्यांनी सोडून दिले होते. अब्बा दर साली दोन पायल्या देत. मी एकदा विचारले, तुम्ही पाच वेळचे नमाजी, यांना का देता? अब्बा म्हणाले, "वो अपना काम करता है, मैं अपना करता हूँ." खरे म्हणजे नाथबाबांना आभाळ वाचता येई, आणि अब्बांना ते ठाऊक होते.

त्या साली होळीच्या आधी आम्ही बागेत होतो. नाथबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "शेटजी, फय उतरवून घ्या. हे आभाय काही बरं नाही दिसत." अब्बांनी वर पाहिले, झाडाकडे पाहिले. बाजारात भाव पडलेला होता. होळीनंतर तो चढतो. तोडणीची माणसे सणाला गावी गेलेली. ट्रक सांगायचा तर पैसे हवेत, आणि पैसे तर झाडावर होते. "चार दिन देखते हैं," अब्बा म्हणाले. नाथबाबा दुसरे काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारून गारा पडल्या. महालातही पडल्या, आमची पन्नासेक कवेलू फुटली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने अब्बा मला घेऊन गेले. बरोबर एका पिशवीत त्या सालची दोन पायल्या ज्वारी होती, कारण ती द्यायचीच होती. बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. फळ, पाने, आंबियाची बारकी फुले, सगळे चिखलात. वास मात्र असा सुटला होता, की जणू कोणी सगळ्या गावासाठी संत्री सोलून ठेवली आहेत. पुढे मालकाचे उरलेले पैसे अम्मीच्या कंगनांतून गेले. शेतकऱ्यालाही दोष देता येत नव्हता; त्याचा गहू तसाच लोळला होता.

बागेतून अब्बा नाथबाबांकडे गेले. ते बाजेवर पालथे पडले होते. उघड्या पाठीवर जागोजाग काळेनिळे उठलेले, सून हळद लावत होती. गारा सुरू झाल्यावर ते मारुतीच्या पारावर गेले होते आणि सदरा काढून उभे राहिले होते, शेवटपर्यंत. कोणी बोलावले नव्हते.

अब्बांनी पिशवी ओट्यावर ठेवली. नाथबाबांनी मान वळवून पाहिले आणि म्हणाले, "शेटजी, गार तं आली. आता कायचा वाटा?"

"तुमने तो बोला था," अब्बा म्हणाले. "मैंच नहीं सुना."

दोघे बराच वेळ गप्प होते. मग सुनेने आम्हाला चहा दिला, काळा, गुळाचा. निघताना नाथबाबांनी पुन्हा पिशवीकडे बोट केले, घेऊन जा म्हणून. अब्बांनी ज्वारी त्यांच्या सुपात ओतली आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.