साष्टीतलं पुराण

साल १६१६. जुवारीच्या काठी, गोव्यातल्या साष्टी भागातल्या राचोलला तुम्ही पोचला आहात. जेझुइटांच्या छापखान्यात छापलेले ओले कागद वाळत पडलेत. एक उचला. लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे इथे नाहीत. पण मोठ्याने वाचा, कानावर मराठी पडेल. तीन चरणांना यमक, चौथा मोकळा. ही ओवी आहे, आणि ग्रंथ आहे क्रिस्तपुराण.

कर्ता पाद्री थॉमस स्टीफन्स, साठी उलटलेला इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला, तो इथलाच झाला. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांकडून त्याच्या जेझुइट पंथाचे पाच जण मारले गेले, तेव्हा त्यांची प्रेतं आणायला हाच गेला होता. पुढे कुंकळ्ळीचे गावकार, म्हणजे गावचे प्रमुखही, पोर्तुगीजांकडून आसोळण्याच्या किल्ल्यात मारले गेले. या भूमीने दोन्हीकडचं दुःख पाहिलं आहे.

रविवारी इगर्जीत येऊन बसा. शेजारच्या म्हातारीने लहानपणी गावातलं देऊळ पाहिलं आहे. १५६७ साली पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली. पोथ्या गेल्या, पुराण ऐकणं संपलं. इगर्जीतली उपासना लॅटिनमध्ये. ती म्हातारीला पाठ आहे, पण तिचा अर्थ तिच्यापर्यंत पोचत नाही. क्रिस्तपुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण हेच विचारतो: जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्हाला नवं पुराण का नाही? सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ त्याचं उत्तर आहे.

वाचक सूर लावतो. म्हातारी दचकून मान वर करते. जात्यावर बसून तिने जन्मभर अशाच ओव्या म्हटल्यात. आता त्याच चालीत पृथ्वी घडते, वैकुंठीचा राजा गोठ्यात जन्मतो, आणि वधस्तंभाखाली मरिया लेकासाठी रडते. म्हातारीचेही डोळे वाहतात. लेक गमावलेल्या आईचं दुःख तिला कुणी समजावून द्यावं लागत नाही. हुकमाने लादलेला धर्म तिने इतकी वर्षं नुसता पाळला. गाण्यातून आलेला ख्रिस्त आज तिच्याजवळ बसला आहे. पुढची ओवी ती वाचकाबरोबर गुणगुणते.

आता वर्षं ओलांडत पुढे चला. १६८४. स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला, असा सरकारी हुकूम निघाला आहे. छापील आवृत्त्या नाहीशा होतात. १६१६ची एकही प्रत पुढे कुणाला सापडणार नाही. तरी कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत ओव्या हाताने उतरवल्या जातात, आजीकडून नातवंडांकडे जातात. १९०७ साली मंगळूरला पुराण पुन्हा छापलं जातं, ते अशा जपलेल्या हस्तलिखितांच्या बळावर.

तीनशे वर्षं हा ग्रंथ गाणाऱ्यांनी जगवला, आणि त्याने गाणाऱ्यांना धीर दिला. विश्वास थकला, प्रार्थनेला शब्द सुचेनासे झाले, तर तुम्हीही हेच करा: आपल्या आईच्या भाषेतलं एखादं गीत उघडा आणि मोठ्याने गा. धीर आल्यावर गाऊ म्हणून थांबू नका; गाता गाताच तो येतो.